यंत्रविचार : दाबाचा आंकडा आणि दाबाचें अंतर

गेल्या महिन्याच्या टपालांत पुण्यांतील एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिशिगन प्रांतीं, डेट्रॉइट शहराजवळ राहतात. तेथें सेंट क्लेअर नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. चिरंजिवांनीं एक जुनी मोटारबोट विकत घेऊन तिच्या आठ सिलिंडरांच्या पेट्रोल-इंजिनास सुपरचार्जर नांवाचें उपकरण बसविलें आहे, आणि उन्हाळ्यांत सूनबाई व नातवंडें यांस घेऊन ते सरोवरावर फिरावयास जातात. पत्रलेखक म्हणतात कीं, टेलिफोनवर दर आठवड्यास एकच वार्ता ऐकूं येते : 'इंधनाचा दाब अजून नीट बसत नाहीं.' त्यांनीं तीन प्रश्न केले आहेत. हा दाब म्हणजे काय? तो बसविण्यास इतके दिवस कां लागावेत? आणि ज्या बोटींत मुलेंबाळें बसतात तिच्यांत त्यापासून कांहीं भय आहे काय? तिन्ही प्रश्न मार्मिक आहेत. आणि ज्या घरांतील एखादा तरुण यंत्रांच्या नादीं लागला आहे, अशा प्रत्येक घराला ते उपयोगी पडण्यासारखे आहेत. यास्तव या महिन्याचा लेख आम्ही त्यांच्याच उत्तरास देत आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, त्या प्रांतीं हा छंद नवीन नव्हे. सेंट क्लेअर सरोवरास जी नदी वरून येऊन मिळते, तिच्या कांठीं अल्गोनॅक नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें गार वुड नांवाच्या गृहस्थानें १९३२ सालीं आपली 'मिस अमेरिका दहावी' ही बोट ताशीं सुमारें १२५ मैल वेगानें चालवून पाण्यावरील वेगाचा उच्चांक केला. तिच्यांत सुपरचार्जर लावलेलीं पॅकार्ड कंपनीचीं चार इंजिनें होतीं. पॅकार्डचा कारखाना डेट्रॉइटचाच. पुढें दुसऱ्या महायुद्धांत त्याच कंपनीचीं सुपरचार्जर लावलेलीं इंजिनें अमेरिकन आरमाराच्या 'पीटी' नांवाच्या लांकडी टॉर्पेडो-बोटींत तीन-तीन बसविलेलीं असत. प्रत्येकाची शक्ति आरंभीं १२०० अश्वशक्ति होती, ती युद्ध संपेपर्यंत १५०० पर्यंत वाढविण्यांत आली. सारांश, चिरंजीव ज्या विद्येच्या मागें लागले आहेत तिला त्या पाण्यावर मोठी परंपरा आहे.

आतां मूळ तत्त्वाकडे वळूं. चुलीपुढें फुंकणी घेऊन बसलेल्या आजीबाई किंवा भात्याजवळचा लोहार यांना जें ठाऊक असतें तेंच हें तत्त्व होय. अधिक हवा दिली तर अधिक जाळ होतो. साधें इंजिन आपल्या पिस्टनच्या ओढीनें बाहेरची हवा आंत घेतें. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीस दर चौरस इंचावर १४.७ पौंड असतो, त्याहून अधिक दाबाची हवा त्यास मिळत नाहीं. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच शक्तीनें पट्ट्यावर फिरणारा भाता आहे. तो हवा कोंडून आंत ढकलतो. त्यानें बाहेरच्या दाबावर आणखी ७ पौंड चढविले, तर एकूण दाब २१.७ पौंड होतो. म्हणजे त्याच सिलिंडरांत जवळजवळ दीडपट हवा मावते. कोंडलेली हवा तापून थोडी फुगते, म्हणून प्रत्यक्ष लाभ कांहींसा कमी असतो. तथापि हिशेबास दीडपट धरावयास हरकत नाहीं.

परंतु हवा दीडपट झाली कीं पेट्रोलही दीडपट झालें पाहिजे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. (हा आंकडा आणि वर दिलेला हवेच्या दाबाचा आंकडा एकच असणें हा केवळ योगायोग आहे, विद्यार्थ्यांनीं दोहोंचा गोंधळ करूं नये.) पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असल्यास हें प्रमाण थोडें खालीं येतें. पूर्ण शक्ति घेतांना इंजिनास याहून दाट मिश्रण द्यावें लागतें, सुमारें १२.५ भाग हवेस १ भाग पेट्रोल. आणि सुपरचार्जर जोरांत असतां त्याहूनही दाट, साडेअकरा ते बारा. हें जादा पेट्रोल जळण्यासाठीं नसून थंडाव्यासाठीं असतें. त्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें.

येथें चुलीचा दृष्टान्त संपतो. चुलींत लांकूड कमी पडलें आणि फुंकणी चालूच राहिली, तर जाळ विझतो व कांहीं नुकसान होत नाहीं. इंजिनांत पेट्रोल थोडेंसें कमी पडलें तर तें विझत नाहीं. तें अधिक तापतें. ठिणगी पडल्यावर ज्वाळा सिलिंडरांत क्रमानें पसरावयाची, ती पसरण्यापूर्वींच कोपऱ्यांतील तापलेलें मिश्रण एकदम भडकतें. यास 'डिटोनेशन' म्हणतात. पिस्टन ॲल्युमिनमचा असतो आणि ॲल्युमिनम ६६० अंश सेंटिग्रेडास वितळतें. सिलिंडरांतील ज्वाळा तर २००० अंशांच्या वर असते. पिस्टन वाचतो तो त्याच्या पृष्ठभागाशीं वायूचा एक पातळ, स्थिर थर चिकटून राहतो म्हणून. डिटोनेशनचे धक्के तोच थर उडवून लावतात. मग पिस्टनच्या माथ्यास भोंक पडण्यास फार वेळ लागत नाहीं. आणि दुर्दैव असें कीं, त्यापूर्वीं क्षणभर इंजिन नेहमींपेक्षां उत्तम चालल्यासारखें वाटतें.

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर. दाबाविषयीं बोलतांना पुष्कळ जण घड्याळाचा आंकडा पाहतात, पण पाहावयाचें असतें तें अंतर. ही गोष्ट घरच्या टांकीवरून चटकन् कळते. गच्चीवरील टांकी एकच. परंतु तळमजल्यावरची तोटी धोधो वाहते आणि वरच्या मजल्यावरची रडतखडत. टांकींतील पाणी बदललें नाहीं; टांकी आणि तोटी यांतील उंचीचें अंतर बदललें. तोटी टांकीच्याच उंचीस नेली तर टांकी भरलेली असूनही थेंब यावयाचा नाहीं.

चिरंजिवांच्या बोटींतील रचना, पत्रांतील वर्णनावरून, अशी दिसते कीं, सुपरचार्जर हवा फुंकतो ती कार्ब्युरेटरच्या माथ्यावरून आंत जाते. कार्ब्युरेटरच्या पोटांत पेट्रोलची एक वाटी असते. तींत एक तरंगता गोळा पातळी राखतो, आणि एक सुई पेट्रोलची वाट उघडते व मिटते. साध्या इंजिनांत पंप सुमारें ६ पौंडांच्या दाबानें पेट्रोल पाठवितो व वाटीवर हवेचा नेहमींचा दाब असतो. अंतर ६ पौंडांचें राहतें व वाटी भरत राहते. परंतु सुपरचार्जर ७ पौंड चढवूं लागला कीं तोच दाब वाटींतील पेट्रोलच्या पृष्ठभागावरही बसतो. आतां बाहेरून ६ पौंडांनीं पेट्रोल आंत येऊं पाहतें आणि आंतून ७ पौंड त्यास बाहेर लोटतात. तोटी टांकीच्या वर गेली! घड्याळ मात्र पूर्वींचाच ६ आंकडा दाखवीत असतें, आणि तो पाहून चालक निश्चिंत असतो. इकडे वाटी रिकामी होते, मिश्रण पातळ होतें, आणि वर सांगितलेला अनर्थ ओढवतो. तोही नेमका इंजिन पूर्ण जोरांत असतां.

यावरील उपाय सोपा व सुंदर आहे. पेट्रोलच्या वाटेवर रेग्युलेटर नांवाची डबी असते. तिच्यांत रबरी पडदा असून त्याच्या एका बाजूस पेट्रोल व दुसऱ्या बाजूस स्प्रिंग असते. स्प्रिंग जितकी आंवळावी तितका दाब ठरतो. या स्प्रिंगेच्या बाजूस कार्ब्युरेटरच्या माथ्यावरून एक बारीक नळी आणून जोडली, कीं हवेचा चढलेला दाब स्प्रिंगेच्या मदतीस येतो. हवा १ पौंड चढली कीं पेट्रोल १ पौंड चढतें. हवा ७ चढली कीं पेट्रोल १३ होतें. आंकडा वाढला, अंतर ६ चें ६ च राहिलें. 'दाब बसविणें' याचा खरा अर्थ हाच. ज्या बोटींत कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या वर असतो व हवा त्यांतून आधीं ओढली जाते, तेथें वाटीवर बाहेरचाच दाब राहतो. त्यामुळें तेथें या नळीचें प्रयोजन नाहीं. म्हणून कोणाचें ऐकून आंकडा लावण्यापूर्वीं आपला कार्ब्युरेटर भात्याच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, हें पाहावें. तो पलीकडे असेल तर आणखी एक वस्तु तपासावी. वाटींतील तरंगता गोळा पोकळ पितळेचा असल्यास तो चढत्या दाबाखालीं चेपूं शकतो. तेथें भरीव गोळाच पाहिजे.

दाबासंबंधीं दुसरी एक समजूत फार पसरलेली आहे, ती अशी कीं, पेट्रोल कमी पडतें ना, मग दाब वाढवा. दाब म्हणजे मात्रा नव्हे. कार्ब्युरेटरमध्यें मात्रा ठरवितें तें 'जेट' नांवाच्या बारीक तोटीचें छिद्र; दाबाचें काम वाटी भरलेली ठेवणें एवढेंच. अंतर ६-७ पौंडांच्या फार वर नेलें तर सुई मिटत नाहीं आणि पेट्रोल वाटींतून उतूं जातें. जेथें कार्ब्युरेटर नसून इंजेक्टर असतात, तेथें दाबानें मात्रा वाढते खरी, पण ती कंजूषपणानें वाढते. छिद्रांतून जाणारा प्रवाह दाबाच्या अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो. प्रवाह दीडपट हवा तर अंतर सव्वादोनपट झालें पाहिजे. दुप्पट हवा तर चौपट. इंजेक्टरांचा नेहमींचा दाब ४३ पौंडांच्या आसपास असतो. तो दीडपट प्रवाहासाठीं ९७ च्या घरांत न्यावा लागेल. इतका दाब पुष्कळ पंपांच्या आवांक्याबाहेरचा असतो, आणि दाब वाढेल तसतसा पंप पेट्रोलही कमी देतो. सबब मोठें छिद्र हाच सरळ मार्ग होय.

पंपाविषयीं एक हिशेब सांगून ठेवतों. सुपरचार्जर लावलेल्या इंजिनास पूर्ण शक्तीवर दर अश्वशक्तीमागें ताशीं सुमारें ०.६ पौंड पेट्रोल लागतें. ३७५ अश्वशक्ति धरली तर ताशीं २२५ पौंड, म्हणजे सुमारें १४० लिटर झालें. पंपाच्या डबीवर जो आंकडा छापलेला असतो तो बहुधा दाब नसतांनाचा असतो. आपल्याला पाहिजे तो १३ पौंडांच्या दाबावरचा. शिवाय मोटारगाडीचा अनुभव बोटीस लावूं नये. मोटार पूर्ण शक्ति कांहीं सेकंद घेते व मग सैल सुटते. पाण्यांत उतार नसतो. बोट सदैव चढावरच चाललेली असते. मोटारींत जी उणीव वर्षानुवर्षें झांकून राहील ती बोटींत पांच मिनिटांत उघडी पडते.

दुसरा प्रश्न : इतके दिवस कां लागतात? लागावेत हेंच योग्य. शहाणा मनुष्य हें काम असें करतो. प्रथम धक्क्यावरच, इंजिन मंद चालत असतां, अंतर ६ पौंड लावावयाचें. नंतर रेग्युलेटरची बारीक नळी काढून तेथें हातपंपानें ५ पौंड हवा भरावयाची. पेट्रोलचें घड्याळ बरोबर ५ नें चढलें पाहिजे. चढलें नाहीं तर पडदा फाटला आहे, नळी गळते आहे, किंवा पंप अपुरा आहे. बोट धक्क्यावरून हलवूंच नये. मग जेट मुद्दाम मोठ्या घ्यावयाच्या व ठिणगीची वेळ मागें घ्यावयाची. चढविलेल्या दर पौंडास सुमारें एक अंश, असा आरंभींचा प्रघात आहे. पाण्यावर दोघांनीं जावें, एकानें सुकाणूं धरावें व दुसऱ्यानें घड्याळें वाचावीं. जोर पायरीपायरीनें वाढवावा. पूर्ण जोरांत असतां पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाहून ६ नें वर न राहतां खालीं येऊं लागला, तर तत्काळ जोर सोडावा. 'एवढी फेरी होऊं दे' असें म्हणूं नये.

दाब टिकला म्हणजे मिश्रण पाहावयाचें. पूर्ण जोरांत असतां इंजिन एकदम बंद करून स्पार्क प्लग काढून पाहणें ही जुनी रीत आहे. पांढरे फटक प्लग म्हणजे मिश्रण पातळ व उष्णता फार. काजळलेले म्हणजे फाजील दाट. आणि पांढऱ्या चिनी मातीवर रुपेरी कण दिसले तर तो वितळूं लागलेला पिस्टन समजावा. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस येथें स्थालीपुलाकन्याय आठवेल : शीत चाचपून भाताची परीक्षा करावी. परंतु या स्थालींत तो न्याय लागूं पडत नाहीं. भात्याची हवा व पेट्रोल आठही सिलिंडरांस सारखें पोंचतेंच असें नाहीं. सात शितें बरोबर शिजून आठवें करपलेलें असूं शकतें. आठही प्लग काढून क्रमानें मांडून पाहिले पाहिजेत. आजकाल धुरांतील प्राणवायु मोजून मिश्रण सांगणारें विद्युत्-यंत्रही मिळतें व तें फार उपयुक्त आहे. मात्र बोटीच्या धुराड्यांत थंड करण्यासाठीं पाणी सोडलेलें असतें. त्याचे शिंतोडे बसले कीं हें नाजूक यंत्र तडकतें. तें पाणी मिसळण्याच्या जागेपूर्वीं आणि शिंतोड्यांपासून दूर बसवावें लागतें. फाजील दाट मिश्रणही निर्दोष नव्हे. तें सिलिंडरवरचें तेल धुवून काढतें. तथापि चूक करावयाचीच तर दाट बाजूस करावी आणि तेथून एकेक पायरी खालीं यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपून ठेवावी. ज्यानें एका दिवसांत जेट, ठिणगी व दाब तिन्ही बदलले त्याला इंजिन सुधारलें कीं बिघडलें हें कळेल, पण कशानें तें कधींच कळणार नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिस्टन वितळला तर पैसे जातात व कोणीतरी दोरीनें बोट ओढीत किनाऱ्यास आणतें. माणसांस खरें भय आहे तें गळलेल्या पेट्रोलचें. पेट्रोलची वाफ हवेहून तिपटीपेक्षां जड असते. मोटारींतून गळलेलें पेट्रोल रस्त्यावर पडतें व वाफ उडून जाते. बोटीचा तळ मात्र बंद भांड्यासारखा असतो, तेथें वाफ सांचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. २ ऑगस्ट १९४३ रोजीं सॉलोमन बेटांजवळ 'पीटी-१०९' ही बोट जपानी विनाशिकेच्या धडकेनें दुभंगली, तेव्हां समुद्रावर पसरलेलें तिचें पेट्रोल पेटलें. तिचे अधिकारी केनेडी पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. परंतु तेरांपैकीं दोघे खलाशी त्या रात्रीं गेले. उलट, जर्मन आरमारानें आपल्या तशाच शीघ्र बोटींत डीझेल-इंजिनें पसंत केलीं होतीं, कारण डीझेल इतक्या सहज पेटत नाहीं.

म्हणून दाब वाढविला कीं प्रत्येक सांधा अधिक दाबावर जगतो हें लक्षांत ठेवावें. जी नळी ६ पौंडांस कोरडी राहते ती १३ पौंडांस पाझरूं शकते. अमेरिकेच्या कायद्यानें अशा बोटींवर तळांतील हवा बाहेर काढणारा पंखा असावा लागतो, आणि इंजिन चालू करण्यापूर्वीं तो चार मिनिटें चालवून पेट्रोलची वाफ नाहीं ना हें तपासावें अशी सूचना बोटीवर चिकटविलेली असते. विजेवर चालणारा पेट्रोल-पंप इंजिन बंद पडतांच आपोआप बंद झाला पाहिजे असाही नियम आहे. मोटारीच्या दुकानांतील स्वस्त पंप, स्टार्टर किंवा डायनामो बोटींत लावूं नये. बोटीसाठीं केलेल्या उपकरणांत ठिणगी बाहेर पडूं नये अशी व्यवस्था असते. आणि इंजिनाची जुळणी चालू आहे तोंपर्यंत मुलांनीं किनाऱ्यावरच राहावें. पत्रलेखकांनीं चिरंजिवांस एवढेंच विचारावें : पंखा चार मिनिटें चालतो काय, सांधे १३ पौंडांवर तपासले काय, आणि जुळणीच्या दिवशीं मुलें घरीं असतात काय? तिहींचें उत्तर 'होय' आलें तर निर्धास्त असावें. तरुणाच्या हातून एखादें इंजिन बिघडलें तर बिघडो. विद्येला तेवढी दक्षिणा द्यावी लागते.

आमच्याकडील वाचकांनीं या लेखानें विनाकारण घाबरूं नये. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसकडे जाणाऱ्या लाँची व कोंकणकिनाऱ्यावरील मासेमारीचे ट्रॉलर डीझेलवर चालतात, आणि डीझेलचा स्वभाव अगदीं उलटा आहे. तेथें इंधन कमी पडलें तर इंजिन थंड चालतें. फाजील झालें तर धूर ओकतें व तापतें. असें कां व्हावें, आणि त्यांतील टर्बोचार्जर धुराच्याच बळावर कसा फिरतो, याचा विचार पुढील अंकीं करूं.